विश्वचषकाच्या सहली विकणाऱ्यांना जाहीर इशारा

2027 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि नामिबिया या तीन देशांत एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक होणार आहे. 14 संघ, 54 सामने, त्यांतले 44 दक्षिण आफ्रिकेत. दिवाळीही त्याच सुमारास येते. 29 ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन. शाळांना सुट्टी, हाताशी बोनस आणि भारताचे सामने असा योग जुळल्यावर दादर, ठाणे, कोथरूड, नाशिक, नागपूर इथल्या सहल कंपन्या लाखालाखांची पॅकेजे काढणार आणि ती हातोहात खपणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

हा इशारा त्या कंपन्यांना आहे. तुम्ही मैदानावरची खुर्ची विकता, हॉटेल विकता, क्रूगर अभयारण्यातली सफारी विकता. तुमच्या प्रवाशाला त्या देशात अटक झाली तर त्याचे कायदेशीर हक्क कोणते, हे त्याच्या भाषेत लिहून त्याच्या हातात द्या. पैसे घेण्याआधी द्या. 1 मे 2027 ही मुदत आहे. त्यानंतर ज्या कंपनीने हे केलेले नसेल तिला आम्ही ग्राहक आयोगासमोर उभे करू. आम्ही म्हणजे ग्राहक चळवळीत काम करणारे काही वकील आणि ज्यांची मुले-नातवंडे परदेशी मैदानांवर सामने पाहायला जातात असे काही पालक. तक्रारींचे मसुदे लिहून तयार आहेत. त्यांत फक्त कंपनीचे नाव भरायचे बाकी आहे.

माझ्या टेबलावर एका सहल कंपनीचा करारनामा आहे. तिचे नाव लिहीत नाही, कारण माझ्या पाहण्यातले बहुतेक करारनामे याच साच्यातले आहेत. मागे एका परदेशी स्पर्धेसाठी तिने प्रवाशांकडून त्यावर सह्या घेतल्या होत्या. बारीक टायपातली पाने आहेत. जैन जेवण कुठे मिळेल आणि कुठे मिळणार नाही यावर अख्खा परिच्छेद आहे. बसमधल्या जागा रोज बदलतील, हे आहे. खोलीतला एसी बंद पडला तर काय, हेही आहे. आणि शेवटून दुसऱ्या पानावर एक वाक्य आहे: स्थानिक कायद्याचा भंग किंवा पोलीस कारवाई झाल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही, प्रवाशाने सहल तिथेच सोडली असे समजले जाईल आणि कोणताही परतावा मिळणार नाही. बस, एवढेच. वकिलाचा नंबर नाही, दूतावासाचा पत्ता नाही, घरच्यांना कोण कळवणार हे नाही. त्या वाक्याखाली एका निवृत्त शिक्षकांची सही आहे. त्यांनी ते वाचले असेल असे मला वाटत नाही, आणि ते वाचले जाऊ नये म्हणूनच ते तिथे छापले आहे.

"आमचे प्रवासी चांगल्या घरातले असतात हो, त्यांना कशाला कोण पकडेल?" हे उत्तर मला बुकिंग काउंटरवर पुन्हा पुन्हा मिळाले आहे. म्हणून त्याच दक्षिण आफ्रिकेतली गोष्ट सांगतो. 14 जून 2010. जोहान्सबर्गचे सॉकर सिटी मैदान, फुटबॉल विश्वचषकात नेदरलँड्स विरुद्ध डेन्मार्क. प्रेक्षकांत 36 तरुणी सारखे नारिंगी झगे घालून बसल्या होत्या. झग्यावर कंपनीचे नाव ठळकपणे कुठेही नव्हते, जेमतेम दिसेल एवढे लेबल होते. पण ते झगे एका डच बिअर कंपनीने काढलेले होते, आणि स्पर्धेची अधिकृत बिअर दुसऱ्या कंपनीची होती. त्यांना सामन्यातून उठवून बाहेर नेले. दोनच दिवसांनी दोन डच महिलांना अटक झाली, कोर्टात उभे केले, प्रत्येकी 10 हजार रँडचा जामीन ठरला. आरोप मर्चंडाइझ मार्क्स कायद्याखालचा, म्हणजे विनापरवाना जाहिरातबाजीचा. डच परराष्ट्रमंत्र्यांनी जाहीर आक्षेप घेतला, दूतावास पाठीशी उभा राहिला, पडद्यामागे तडजोड झाली आणि आठवडाभरात आरोप मागे घेतले गेले. त्या दोघींमागे एक मोठी कंपनी आणि एक जागे सरकार होते. तुमच्या सहलीतल्या, कोणाच्या तरी सांगण्यावरून फुकटची टोपी आणि टी-शर्ट घालून बसलेल्या कोल्हापूरच्या पोरामागे कोण असेल?

प्रायोजकांचे हे कडक कुंपण क्रिकेटलाही आहे. 2003 च्या क्रिकेट विश्वचषकासाठी दक्षिण आफ्रिकेने हाच कायदा दुरुस्त करून घेतला होता. त्याच स्पर्धेत सेंच्युरियनवर भारत-ऑस्ट्रेलिया सामन्यात एका प्रेक्षकाला स्वतःच्या पैशाने घेतलेला कोकचा डबा उघडल्याबद्दल मैदानाबाहेर काढले गेले, कारण स्पर्धेचा प्रायोजक पेप्सी होता. त्याला अटक झाली नाही. पण नियम न सांगता माणसाला तिथे नेऊन बसवले की काय होऊ शकते, हे त्यावरून कळते.

आणि तिकिटे. 2010 च्या त्याच फुटबॉल विश्वचषकात एका नायजेरियन माणसाजवळ 30 तिकिटे सापडली, ती कुठून आली हे त्याला सांगता आले नाही, त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. आता आपल्या सहलींत काय चालते ते पाहा. सगळ्या गटाची तिकिटे टूर मॅनेजरच्या पाऊचमध्ये असतात, आणि त्याचे पोट बिघडले की तो ते पाऊच एखाद्या काकांच्या हातात देतो: "काका, गेटवर वाटून टाका." त्या काकांना पोलिसाने हटकले, तर काय सांगायचे हे तुम्ही त्यांना शिकवले आहे का?

खरा धोका मात्र वेगाचा आहे. 2010 साली दक्षिण आफ्रिकेने स्पर्धेसाठी 56 खास न्यायालये उभी केली. आठवड्याचे सातही दिवस, रात्री 11 पर्यंत. परदेशी पत्रकारांना बंदुकीच्या धाकाने लुटणाऱ्या दोन झिम्बाब्वेच्या नागरिकांना गुन्हा घडल्यापासून काही दिवसांतच 15-15 वर्षांची शिक्षा सुनावली गेली. त्या दोघांबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. पण ज्या यंत्रणेने दरोडेखोराचा निकाल त्याच आठवड्यात लावला, तीच यंत्रणा धक्काबुक्कीत सापडलेल्या निरपराध पर्यटकालाही त्याच वेगाने पुढे ढकलते. परक्या मुलखात नीट वकील मिळायला, साक्षीदार थांबवून ठेवायला, मोबाइलमधले व्हिडिओ जमवायला वेळ लागतो. साक्षीदार तर दुसऱ्या दिवशी पुढच्या शहरात गेलेले असतात, तुमच्याच बसमध्ये बसून.

या वेगाने काय होते ते युरोपने पाहिले आहे. 2004 च्या युरो फुटबॉल स्पर्धेत पोर्तुगालच्या आल्बुफेरा गावात दंगलीच्या आरोपाखाली एका इंग्लिश चाहत्याला पकडले आणि 48 तासांच्या आत खटला उरकून दोन वर्षांची शिक्षा ठोठावली. बचावाची तयारी करायला वेळ नाही, आरोपांचे नीट भाषांतर नाही. त्याला मायदेशी पाठवण्यात आले. प्रकरण मिटले असे तो समजून चालला. काही वर्षांनी युरोपीय अटक वॉरंट निघाले आणि 2010 साली त्याला शिक्षा भोगायला पुन्हा पोर्तुगालला पाठवले. इंग्लंडच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्तींनी या अन्यायाबद्दल खेद व्यक्त केला, पण प्रत्यार्पण थांबवणे त्यांच्या हातात नव्हते. पुढे 2010 ते 2013 या काळात युरोपीय संघाने आरोपीला दुभाषी, हक्कांचे लेखी पत्र आणि वकील मिळालाच पाहिजे असे एकामागून एक निर्देश काढले. युरोपासारख्या ठिकाणी हे हक्क कागदावर यायला इतकी वर्षे लागली. आपल्या सहल कंपन्यांना एक पान छापायला किती लागावीत?

दक्षिण आफ्रिकेबद्दल एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. वर्णद्वेषी राजवटीत पोलीस कोठडीत माणसे मेली, त्याची आठवण ठेवून त्या देशाने 1996 ची राज्यघटना लिहिली, आणि तिचे कलम 35 हे अटक झालेल्या माणसासाठी जगातल्या उत्तम तरतुदींपैकी एक आहे. ते नागरिकांपुरते नाही, 'प्रत्येकाला' आहे. पर्यटकालाही. गप्प राहण्याचा हक्क, आणि तो हक्क आहे हे ताबडतोब सांगितले जाण्याचा हक्क. कबुलीजबाबाची सक्ती नाही. स्वतःच्या पसंतीचा वकील. आणि वकील नसल्यामुळे मोठा अन्याय होणार असेल तर सरकारी खर्चाने वकील. जोडीदार, नातेवाईक, डॉक्टर यांना भेटण्याचा हक्क. आणि यातली माहिती त्या माणसाला समजणाऱ्या भाषेतच दिली पाहिजे, अशी स्पष्ट अट. कोठडीत टाकताना पोलीस हक्कांचा एक छापील कागद देतात आणि त्यावर सही घेतात. एसएपी 14-ए हे त्याचे नाव. तुमचा प्रवासी त्या कागदाकडे पाहून घाबरेल, कारण पोलीस ठाण्यात सही करायला सांगितलेला प्रत्येक कागद म्हणजे जबाब, असे त्याला वाटते. तो कागद त्याच्याच बाजूचा आहे, हे त्याला मुंबईतच कळले पाहिजे.

आता तासांचा हिशेब समजून घ्या. 48 तासांच्या आत कोर्टात हजर करायचे, हा तिथला नियम. पण ते 48 तास कोर्टाच्या वेळेबाहेर संपत असतील, तर मुदत पुढच्या कामकाजाच्या दिवसाच्या अखेरीपर्यंत जाते. जोहान्सबर्गच्या वाँडरर्स मैदानावर शुक्रवारी रात्री आठ वाजता पकडलेल्या माणसाचे 48 तास रविवारी रात्री आठला संपतात. म्हणजे सोमवार. शनिवारी गट केप टाउनला निघून गेलेला असतो. कोठडीतल्या माणसाची रक्तदाबाची गोळी त्याच्या बॅगेत आणि बॅग बसच्या डिकीत असते. पासपोर्ट टूर मॅनेजरने 'सुरक्षित राहावेत म्हणून' सगळ्यांचे एकत्र ठेवलेले असतात. दक्षिण आफ्रिकेत आपण कोण आणि कोणत्या हक्काने इथे आहोत हे परक्या माणसाला दाखवता आले नाही, तर तेवढ्याच कारणाने ओळख पटेपर्यंत त्याला 48 तासांपर्यंत ताब्यात ठेवता येते. पासपोर्ट गोळा करण्याची ही पद्धत आजपासून बंद करा. ज्याचा पासपोर्ट त्याच्याजवळ, आणि खिशात प्रमाणित प्रत.

याहून मोठा सापळा दंडाचा आहे, आणि त्याबद्दल बोलताना मला राग आवरत नाही, कारण टूर मॅनेजर स्वतःच प्रवाशाला त्यात ढकलतात. किरकोळ गुन्ह्यात दक्षिण आफ्रिकेचे पोलीस 'गुन्हा कबुलीचा दंड' भरून सुटण्याची वाट दाखवतात. रक्कम फार नसते. बस खाली उभी असते, बाकीचे 40 जण खोळंबलेले असतात, आणि मॅनेजर म्हणतो, "भरून टाका साहेब, विषय संपवा." विषय संपत नाही. तिथल्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या कलम 57 प्रमाणे तो दंड भरला म्हणजे माणूस दोषी ठरला आणि त्याला शिक्षा झाली, असे धरले जाते. त्याची गुन्हेगार म्हणून नोंद राहू शकते. उद्या त्याच माणसाला मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला किंवा मेलबर्नला जायचे असते, आणि व्हिसाच्या अर्जात प्रश्न असतो: तुम्हाला कधी कोणत्याही देशात दोषी ठरवले आहे काय? खोटे लिहिले तर व्हिसा कायमचा जाऊ शकतो, खरे लिहिले तर खुलासे करत बसायचे. याउलट छोट्या गुन्ह्यांत पोलीस ठाण्यातूनच जामीन मागण्याची वेगळी वाट आहे. जामिनाची रक्कम भरणे म्हणजे कबुली नव्हे. या दोन पावत्यांमधला फरक एका फोनवर सांगणारा वकील तुम्ही प्रत्येक शहरात आधीपासून ठरवून ठेवला पाहिजे. लाखो रुपयांच्या पॅकेजमध्ये हा खर्च नगण्य आहे.

झिम्बाब्वे आणि नामिबियाची गोष्ट वेगळी आहे आणि ती वेगळीच सांगावी लागेल. झिम्बाब्वेच्या 2013 च्या घटनेत कलम 50 प्रमाणे पकडलेल्या माणसाला सरकारी खर्चाने घरी किंवा वकिलाला फोन करू दिला पाहिजे, आणि 48 तासांची मुदत शनिवार-रविवार आला तरी हलत नाही. कागदावर ते दक्षिण आफ्रिकेहून कडक आहे. पण त्याच देशात राष्ट्राध्यक्षांचा अपमान करणे हा एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा आहे. हरारेच्या मैदानावर कॅमेऱ्यात येण्यासाठी कुणी गमतीचा फलक धरला, तर पोलिसाला त्यात गंमत दिसेलच असे नाही. नामिबियाच्या घटनेतही 48 तासांचा नियम आहे.

आता दूतावासाबद्दल, कारण इथे सर्वांत मोठा गैरसमज आहे. 1963 च्या व्हिएन्ना कराराच्या कलम 36 प्रमाणे परदेशी माणसाला अटक केली की त्याच्या देशाच्या दूतावासाशी संपर्काचा हक्क त्याला आहे, हे पोलिसांनी विलंब न लावता त्याला सांगायचे असते. मात्र दूतावासाला कळवायचे की नाही, ते त्या माणसाने मागायचे असते. मागितले नाही तर कोणी कळवेलच असे नाही. पाकिस्तानने अटक केलेल्या महाराष्ट्राच्या कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात याच कलमावर भारत आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. वकील हरीश साळवे भारतातर्फे एक रुपया मानधनावर लढले, आणि 17 जुलै 2019 रोजी 15 विरुद्ध 1 अशा मतांनी न्यायालयाने पाकिस्तानने कराराचा भंग केल्याचा निकाल दिला. अटकेनंतर तीन आठवड्यांनी भारताला कळवणे म्हणजे विलंब न लावणे नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. हेरगिरीचा आरोप आणि फाशीची शिक्षा असलेल्या प्रकरणातही जो हक्क जगाने मान्य केला, तो धक्काबुक्कीत सापडलेल्या तुमच्या प्रवाशाला आहेच. पण हा हक्क आहे हे त्याला माहीत नसेल तर तो मागणार कसा? प्रवाशाला द्यायच्या कागदावर हे वाक्य देवनागरीत, मोठ्या अक्षरांत छापा: "आय वॉन्ट टू स्पीक टू द इंडियन कॉन्सुलेट." घाबरलेला माणूस तेवढे वाचू शकतो.

दूतावास काय करू शकत नाही, हेही लिहा. दूतावास कोठडीत येऊन भेटतो, वकिलांची यादी देतो, घरी कळवतो. तो कोठडीचे दार उघडत नाही, कोर्टात वकिली करत नाही, आणि जामीन भरेलच असे नाही. भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, पण तो गरज तपासून दिला जातो. पर्यटकाने त्यावर विसंबू नये. अंतराचेही पाहा. भारताचे उच्चायुक्तालय प्रिटोरियात, वाणिज्य दूतावास जोहान्सबर्ग, डर्बन आणि केप टाउनला. ब्लूमफाँटेनला सामना आहे, दूतावास नाही. जोहान्सबर्ग तिथून सुमारे 400 किलोमीटर. ईस्ट लंडन आणि गेबेर्हाला सामने आहेत, तिथेही नाही. झिम्बाब्वेसाठी हरारे, नामिबियासाठी विंडहूक.

प्रेक्षकांनो, हा इशारा तुम्हालाही आहे. तिथल्या कायद्याचा मान न राखणाऱ्यासाठी आम्ही लढणार नाही. 2018 साली जोहान्सबर्गमध्ये एका गोऱ्या बाईला एका कृष्णवर्णीय पोलिसाला वर्णावरून शिव्या दिल्याबद्दल तीन वर्षांची शिक्षा झाली, त्यातले एक वर्ष स्थगित. आपल्याकडे स्टँडमध्ये बसून खेळाडूच्या रंगावरून आरोळ्या ठोकणारे कमी नाहीत. मराठीत बोललो, कुणाला कळतेय, या भ्रमात राहू नका. शेजारी बसलेला माणूस डर्बनचा भारतीय वंशाचा असू शकतो, आणि तुमचा व्हिडिओ तासाभरात जगभर फिरतो. गांजाबद्दलही ऐकीव माहितीवर जाऊ नका. घरात, खाजगीत प्रौढांनी ओढण्याला तिथे मुभा आहे. रस्त्यावर विकत घेणे आणि चारचौघांत ओढणे हा आजही गुन्हा आहे.

आणि वाटेतल्या देशाचा कायदाही आहेच. बऱ्याच सहली दुबईमार्गे जातात, त्यांतल्या काही तिथे एक-दोन रात्री मुक्काम ठेवतात. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. दिवाळीचा फराळ डब्यात भरून निघणाऱ्या गृहिणीला अनारशांवर लावलेली खसखस हा अमली पदार्थांच्या कायद्याचा प्रश्न होऊ शकतो, हे कोण सांगणार? त्याच अमिरातीत 2019 च्या आशियाई फुटबॉल स्पर्धेत कतारचा शर्ट घालून कतारचा सामना पाहिलेला एक ब्रिटिश नागरिक काही आठवडे अडकून पडला. अमिरातीचे म्हणणे होते की शर्टाचा संबंध नाही, त्याने पोलिसांना खोटी माहिती दिली. त्याचे म्हणणे उलट होते. अशा वादात परक्या देशात एकट्या माणसाचे कोण ऐकून घेणार?

हे सगळे मागताना आपले घर पाहायला मी विसरलेलो नाही. वानखेडेवर, गहुंज्याला, नेरूळला परदेशी प्रेक्षक येतात. आपल्या घटनेच्या कलम 21 आणि 22 मध्ये शब्द 'व्यक्ती' असा आहे, 'नागरिक' असा नाही. अटकेची कारणे, पसंतीचा वकील, 24 तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजेरी हे सगळे परदेशी माणसालाही आहे. 6 नोव्हेंबर 2025 रोजी, वरळीच्या मोटार अपघात प्रकरणातून आलेल्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कोणत्याही गुन्ह्यात अटकेची कारणे लेखी, आणि त्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत. म्हणजे न्यू झीलंडहून आलेल्या प्रेक्षकाच्या हातात मरीन ड्राइव्ह पोलीस ठाण्याने फक्त मराठी पंचनामा ठेवून चालणार नाही. राज्याच्या गृहखात्याने मैदानांभोवतीच्या पोलीस ठाण्यांत परदेशी भाषांतले छापील अर्ज आणि दुभाष्यांची यादी ठेवलेली आहे का, हे आम्ही माहितीच्या अधिकारात विचारणार आहोत. पोलिसाने आरोपीला त्याच्या भाषेत सांगितले पाहिजे असे देशाचे सर्वोच्च न्यायालय म्हणते, आणि पॅकेजचे लाखो रुपये घेणारा विक्रेता मराठी माणसाला इंग्रजी बारीक टायपात बजावतो. हे यापुढे चालणार नाही.

कंपन्यांनी 1 मे 2027 पर्यंत काय करायचे ते पुन्हा एकदा नेमके सांगतो. तिन्ही देशांतले आणि वाटेतल्या मुक्कामाच्या देशातले अटकेचे नियम व हक्क मराठीत छापून आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी द्यायचे. प्रत्येक सामन्याच्या शहरात एका स्थानिक फौजदारी वकिलाशी करार करून त्याचा चोवीस तास चालणारा नंबर त्या कागदावर द्यायचा. पोलीस कारवाई झाल्यास सहल संपली असे म्हणणारे कलम काढून टाकायचे, आणि कोठडीतल्या माणसाची औषधे, बॅग आणि पासपोर्ट त्याच्यापर्यंत पोहोचेपर्यंत एक माणूस त्याच शहरात मागे ठेवायचा. विम्याच्या पॉलिसीत जामीन-रकमेचे कलम आहे की नाही, आणि दारू प्यायलेल्या अवस्थेत ते लागू होते की नाही, हे तोंडी नव्हे, लिहून सांगायचे.

हे न करणाऱ्यांना काय भोगावे लागेल? ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण त्यासाठी 10 लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. त्याच कायद्यात 'अनुचित करारा'विरुद्ध राज्य ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, आणि पोलीस कारवाई होताच परतावा बुडवणारे तुमचे ते एक वाक्य आम्ही पहिल्याच सुनावणीत आयोगापुढे ठेवू. 'सही तुमचीच आहे' हा बचाव चालतो असे समजू नका. एकतर्फी अटींसाठीच ते कलम लिहिले गेले आहे. परराष्ट्र मंत्रालयालाही याच तारखेची मुदत आहे: तिन्ही देशांतल्या आपल्या दूतावासांनी सामन्यांच्या काळासाठी अटकेसंबंधीच्या सूचना मराठीसह भारतीय भाषांत प्रसिद्ध कराव्यात. नाही केल्या तर आधी माहितीच्या अधिकाराचे अर्ज, मग मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका.

वाचकांनो, विश्वचषकाच्या सहलीचे पैसे भरण्याआधी काउंटरवर हक्कांचा हा कागद मागा. देत नसतील तर 'देत नाही' असे त्यांच्याकडून ईमेलवर लिहून घ्या, आणि पावती, जाहिरातीचे कात्रण व करारनामा यांच्यासोबत जपून ठेवा. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात जिल्हा आयोगाकडे तक्रार करायला शुल्क लागत नाही आणि वकील नेमण्याची सक्ती नाही. तक्रारीसाठी कायद्याने दोन वर्षे दिली आहेत. आमची पहिली तक्रार मात्र 3 मे 2027 च्या सोमवारी दाखल होईल.